दाट चहा

सांगली, ऑगस्ट १९७३

प्रिय आमोस,

तू तासगावला गेल्याला तीन महिने झाले. दुष्काळी कामावरच्या मुलांसाठी आलेली दुधाची पावडर तू घरी नेलीस, म्हणून आपल्या चर्चच्या मंडळीनं तुला प्रभुभोजनातून वगळलं. तो ठराव मीच मांडला. "शमुवेलरावांनी सख्ख्या भावाचीही गय केली नाही," असं पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

त्या रविवारी तुला मागच्या बाकावर बसवलं. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट तुझ्यासमोरून मीच पुढं नेलं. तू मान वर केली नाहीस.

आता खरं लिहितो. ठरावाच्या पंधरा दिवस आधी मी तुझ्याकडं चहाला आलो होतो. तेव्हा कुठंच दूध मिळत नव्हतं आणि तुझ्या घरचा चहा चांगला दाट होता. दूध कुठलं, ते मी पहिल्याच घोटाला ओळखलं. तुझी रूथ म्हणाली, "दादा, आजून घ्या की." मी कप पुढं केला.

आज "तुला क्षमा केली, परत ये" असं लिहायला बसलो होतो. पण क्षमा करणारा मी कोण रं? म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या एसटीनं मीच येतो, तुझी माफी मागायला. रविवारी मंडळीपुढं उभा राहून त्या चहाचं सांगणार आहे. मग मलाही मागं बसवतील.

त्या बाकावर आपण दोघं मावतो.

तुझा दादा,
शमुवेल