मुलींच्या बाथरूमची कडी

६ ऑगस्ट

शाळा सुरक्षित आणि आनंददायी कशी करावी, यावर शिक्षकांची मतं मागवली! मोठ्या बाईंनी दुपारभर सगळ्यांना बसवून ठेवलं. शेजारच्या वर्गाची नवी बाई — कालची पोर — म्हणे, "भिंतींवर फुलपाखरं काढू या." चित्रकलेचे सर म्हणे, "गाद्यांचा एक कोपरा करू." सगळे नंदीबैल डोलले.

मी म्हटलं, मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही. माझ्या दुसरीतल्या मुली दिवसभर पाण्याला तोंड लावत नाहीत. मोठ्या बाई हसल्या. "तुमचं नेहमी काहीतरी निगेटिव्हच असतं हो!"

९ ऑगस्ट

फुलपाखरं आली. एकाला तीनच पंख.

१२ ऑगस्ट

गाद्यांच्या कोपऱ्याला कुलूप! "शाळा बघायला पाहुणे येईपर्यंत मळतील ना," मोठ्या बाई. अक्कल गहाण टाकलीय सगळ्यांनी.

आणि आज माझ्या चिमणीने — पहिल्या बाकावरची, सगळ्यात लहानखुरी — बाकावरच शू केली. पोरं हसली. मी नुसतं बघितलं, चिडीचूप! माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. नव्या बाईच्या वर्गात मासळीबाजार.

चिमणी घरी जाईपर्यंत ओल्या फ्रॉकमध्ये बसून राहिली. जीव तुटला माझा.

१३ ऑगस्ट

कडी मीच विकत आणली. शिपाईमामांचं आपलं "उद्या करतो बाई." डोक्यावर उभी राहिले, बसवून घेतली. चिमणीला नेऊन लावून बघायला सांगितली. लागते. झालं! मतं कसली मागता?

१६ ऑगस्ट

पाहुणे आले. "किती प्रसन्न शाळा!" मुलांना गाद्यांवर बसवलं, फोटो काढले, उठवलं. मोठ्या बाई फुगून टम्म. कडीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. राग आला, खोटं कशाला बोलू?

१९ ऑगस्ट

चिमणी पुन्हा ओली. आता काय धाड भरली? दार लागतं, कडी आहे! मी विचारलं, तर मान खाली. नवी बाई आलीच नाक खुपसायला. "मी विचारू का तिला?"

विचार की. फुलपाखरं दाखवून विचार!

२० ऑगस्ट

नव्या बाईने सांगितलं, खिडकीकडे बघत. तिच्या वर्गातल्या मुली कडी नव्हती तेव्हाही जायच्या. एक आत, एक दार धरून बाहेर. मला पत्ताच नाही.

"मग माझ्या का नाही जात?"

पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे चिमणीचे शब्द सांगितले: "जायचं तर आमच्या बाईंना विचारावं लागतं ना."