बेकरीवालीची तीनचाकी

प्रिय ठमे,

हे मावशीनं ठेवलेलं नाव. मी ठेवलेलं तुला कधी आवडलं नाही, म्हणून हेच लिहिते. तुझ्या लग्नाची पत्रिका येऊन पंधरा दिवस झाले आणि मी साधं उत्तरही दिलं नाही. हात काळे होते म्हणून, असं सांगितलं तर हसशील. पण ते अगदीच खोटं नाही.

गेल्या महिन्यात इथली एक बंद पडलेली बेकरी मोकळी करत होते. मागच्या शेडमध्ये पिठाच्या रिकाम्या पोत्यांखाली एक मालवाहू सायकल सापडली. मागे एक चाक, पुढे दोन आणि त्या दोहोंमध्ये लाकडी पेटी. एके काळी तिच्यातून घरोघरी पाव जायचे. चेन गंजून कडक झाली होती, पेटीचा तळ कुजला होता. अशा सायकली हुडकून पुन्हा रस्त्यावर आणायच्या, हेच आमच्या वर्कशॉपचं काम. म्हातारी बेकरीवाली म्हणाली, “फुकट न्या, पण मोडीत घालू नका.”

माझं काम मी तुला कधी धड सांगितलंच नाही. आले तेव्हा या वर्कशॉपात मी फरशी पुसायची. मिस्त्री वाकडं चाक सरळ करायचे आणि मी हातात फडकं घेऊन बघत राहायची. एकदा ते वैतागून म्हणाले, “नुसतं बघून येतं का काही? बस इथं.” बसले ती बसलेच. तुझ्या मावशीच्या भाषेत, चिकटले.

ठमे, “एका वर्षात येते” म्हणून तुला मावशीकडे ठेवून मी इकडे परदेशात निघाले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. पुढे मी फोनवर सांगत राहिले की व्हिसाचे कागद अडलेत. तीन वर्षं ते खरं होतं. चौथ्या वर्षी कागद सुटले. मी येऊ शकत होते. पण त्याच आठवड्यात मिस्त्रींनी वर्कशॉपची किल्ली माझ्या हातात दिली होती. माझ्या हातांना जन्मात पहिल्यांदा कुणी किंमत दिली होती गं. मी मावशीला सांगितलं, “अजून अडलेत.” आणखी सहा महिने, आणखी सहा महिने म्हणता म्हणता मी आले तेव्हा तू नऊ वर्षांची झाली होतीस. मावशीमागे लपून तू विचारलंस, “ह्या बाई किती दिवस राहणार?” सगळे हसले. मीही हसले.

गेल्या आठवड्यात सायकल तयार झाली. बेकरीवाली काठी टेकत बघायला आली. नव्या फळीवरून हात फिरवत म्हणाली, “माझी लेक यातच वाढली. पावांच्या मधे बसायची, उतरवलं की भोकाड पसरायची.” मी न विचारताच ती सांगत सुटली. लेकीचा पहिला दात कुठे पडला, कुठल्या वळणावर तिला हमखास झोप लागायची. मी ऐकत होते. तुझा पहिला दात कधी पडला, मला माहीत नाही. गोवरात तू कुणाच्या मांडीवर तळमळलीस, ते मात्र माहीत आहे. हात धुवायच्या निमित्तानं मी आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

माय मरो आणि मावशी जगो, असं म्हणतात. तुझी माय मेली नाही, नुसती लांब गेली. तरी तुझ्यासाठी जगली ती मावशीच.

काल तिचा फोन आला होता. म्हणाली, “ताई, स्टेजवर मुलीच्या आईची जागा तुझी. मी काय, जेवणाचं बघते.” आवाज अगदी नेहमीचा ठेवला होता तिनं. म्हणून हे पत्र. मी येतेय, तिकीट काढलंय. पण त्या जागी तिला बसव. मी मागे पाहुण्यांत बसेन. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. आणि कागद कधी सुटले होते, तेही तिला वाचून दाखव. तिच्या तोंडावर सांगायचा धीर मला नाही. लग्नात कुणी विचारलं, “ह्या कोण?” तर तुझ्या तोंडी जे येईल ते सांग. मला चालेल.

तुझीच,
आई