अर्जातले अक्काचे नाव

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

धारूर,
ता. ४ डिसेंबर १९९६

ती. सौ. कावेरी अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कपिलधारची यात्रा करून तुम्ही सर्व नेकनूरला सुखरूप पोचल्याचे दाजींच्या कार्डावरून समजले. आईचा गुडघा जरा बरा आहे.

यात्रेच्या गर्दीत मी तुझ्या हातात रुमालात बांधलेले तुझे बारा हजार ठेवले, तेव्हा तू विचारलेस की दुकान बरे चालले आहे ना. मी मान हलवली. अक्का, दुकान चाललेले नाही. पुण्याच्या कारखान्यात जोडलेले आपले काळे-पांढरे टीव्ही आता कोणी फुकटसुद्धा नेईना. बीडला कंपन्यांची मोठी दुकाने झाली आहेत. तिथे हप्त्यावर रंगीत टीव्ही मिळतो. पुण्याच्या कारखानदाराचे आणि पतसंस्थेचे मिळून एवढे देणे झाले आहे, की दुकानातले सगळे विकूनही फिटणार नाही. म्हणून मी बीडच्या कोर्टात नादारीचा अर्ज करायचे ठरवले आहे. आपल्याकडे लोक त्याला दिवाळे म्हणतात.

बीडचे राधाकिशन वकील अप्पांच्या ओळखीचे, त्यांच्याकडे जाऊन आलो. सगळी देणी सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, विक्रीकर भरला का? मी दोन वर्षे भरलेला नाही. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर दुकानाच्या भाड्यात गेला. जवळ पैसे नसताना नुसते विवरणपत्र घेऊन साहेबापुढे कसे उभे राहायचे, म्हणून मी तेही भरले नाही. त्यामुळे कार्यालयाने माझा धंदा अंदाजाने धरून अडतीस हजारांची मागणी पाठवली आहे. वकिलांनी समजावले की कोर्ट बाकीच्यांच्या देण्यातून सोडवील, सरकारच्या करातून सोडवणार नाही. तो आयुष्यभर मागे येईल. म्हणून आधी कराचे निस्तरायचे आणि मगच अर्ज करायचा.

तुझे पैसे आधीच दिले हे बरे झाले. घरच्या माणसाचे देणे ठेवून कपिलधारची पायरी चढायची नाही, ही अप्पांची रीत मी मोडली नाही.

तुझ्या सासूबाईंना, मावशींना, हे पत्र वाचून दाखवू नकोस. नुसती खुशाली सांग.

दाजींना नमस्कार. माझ्यावर माया ठेव, सध्या तिची गरज आहे.

तुझा,
विरुपाक्ष

•

नेकनूर,
१५ डिसेंबर ९६

चि. विरुपाक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र चुलीपुढे बसून वाचले. तुझ्या मावशी, आमच्या आत्याबाई, समोर भाकरी थापत होत्या. भाऊ काय लिहितो म्हणून विचारलं, तर मी म्हटलं धारूरला थंडी लई पडलीय. त्या म्हणाल्या, एवढ्या मोठ्या कागदावर नुसती थंडीच लिहिलीय का. मी हसून वेळ मारून नेली.

तुला वेड्या काय म्हणावं? पैसे नसले म्हणून कागदही द्यायचा नाही, हे तुला कुणी शिकवलं? दहावीचा गणिताचा पेपर अवघड आला, तर तू अर्ध्यातून उठून आलतास. तसंच हे. अरे, जेवढं येतं तेवढं तरी लिहावं माणसानं. आधी ते विवरणपत्र नेऊन दे.

आता माझं ऐक. त्या बारा हजारांची मी म्हैस घेतली. माझ्या पाटल्या मोडून दोन वर्षांपूर्वी मी तुला पैसे दिलते, हे या घरात फक्त ह्यांना ठाऊक. हातातल्या पाटल्या खोट्या आहेत हे आत्याबाईंना अजून कळलेलं नाही. मग म्हशीचे पैसे कुठून आले सांगू? मी सांगितलं, विरूनं बहिणीला म्हैस दिली. आत्याबाई इतक्या खूश झाल्या की सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या. शेजारच्या छबुबाईंच्या दारात तर त्यांनी म्हशीला नेऊन उभी केली आणि म्हणाल्या, बघा, धारूरची माणसं अशी असतात. मला धरणीत जावंसं वाटलं.

म्हैस दूध चांगली देते, पण फक्त आत्याबाईंच्याच हातानं. मी बसले की पाय आखडते.

इकडे ह्यांनी हप्त्यावर रंगीत टीव्ही आणलाय. तुला सांगू नको म्हणाले. मी सांगितलं. तुला राग यावा आणि थोडं हसूही यावं म्हणून.

जेवत जा. आईला माझा नमस्कार. तुझी काळजी मलाही थोडी दे.

तुझी,
अक्का

•

धारूर,
ता. २० जानेवारी १९९७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे ऐकले. मी एकही बिल फेकलेले नव्हते. सगळी बिले महिन्यांप्रमाणे लावली, आठ दिवस बसून दोन्ही वर्षांची विवरणपत्रे भरली आणि बीडला नेऊन दिली. माझ्या आधीच्या व्यापाऱ्यावर साहेब ओरडत होते. माझे कागद त्यांनी उलटून पाहिले आणि विचारले, एवढे नीट लिहिता येते तर दोन वर्षे कुठे झोपला होतात? खरा कर मागणीच्या निम्म्याच्या आसपास निघाला. अंदाजाची आकारणी रद्द करून त्यांनी एकोणीस हजार कायम केले. त्यातले थोडे आत्ता भरले तर बाकीला मुदत देऊ म्हणाले. मी अप्पांची मोपेड आणि दुकानाची कपाटे विकून सात हजार भरले. पावती जपून ठेवली आहे. हे झाल्यावर पहिल्यांदा रात्री झोप लागली.

ती झोप दोनच दिवस टिकली. अर्जासोबत देण्यांची आणि अलीकडे कोणाला काय दिले त्याची यादी द्यावी लागते. ती वाचताना राधाकिशन वकील तुझ्या नावापाशी थांबले. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एका सावकाराला, तेही सख्ख्या बहिणीला, पूर्ण रक्कम देऊन टाकली तर कोर्ट ती परत मागू शकते. बाकीच्यांच्या वाट्याचे तुम्ही तिला दिलेत, असे ते धरते. मी यात्रेची रीत सांगितली. ते म्हणाले, ही रीत कोर्टाला माहीत नाही.

तुझ्या नावाने नोटीस नेकनूरला येईल, अक्का. पोस्टमन ती घरी देईल.

यातून एक वाट आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत थांबलो तर तीन महिने उलटतात आणि तुझ्या पैशांना कोणी हात लावू शकत नाही. पण पतसंस्थेने कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळवला आहे. दहा फेब्रुवारीला ते दुकानातला माल उचलणार आहेत. त्याआधी माझा अर्ज दाखल झाला तरच ते थांबते. माल गेला की कराच्या बाकीसाठी माझ्याकडे काहीच उरत नाही. मुदत मोडली की साहेब वसुली तहसीलकडे पाठवतील आणि राहते घर जप्तीत जाईल. आई कुठे जाईल?

काय करू ते कळव. माझे डोके चालत नाही.

तुझा,
विरुपाक्ष

•

नेकनूर,
२७ जानेवारी

चि. विरूस आशीर्वाद.

थांब. हात जोडते. एक महिना काही जड नाही. पतसंस्थेच्या लोकांच्या पाया पड, आईला घेऊन जा, म्हाताऱ्या बाईला बघून थांबतील. नाहीतर माझं नाव लिहूच नको. वकिलाला म्हणावं, यात्रेत खर्च झाले. कोण येतंय विचारायला?

तुला आत्याबाई माहीत नाहीत. पैसे गेले तर त्यांना सोसेल. पण ज्या गल्लीत म्हैस मिरवली, त्याच गल्लीत पोस्टमन कोर्टाचा कागद घेऊन आला, तर त्या मला या घरात माणूस म्हणून बघणार नाहीत. सून माहेरी पैसा पुरवते, वर खोटं बोलते, हेच त्यांच्या डोक्यात राहील. हे म्हणतात, आपण बीडला खोली करू. म्हणायला काय जातंय.

मला हे लिहिताना लाज वाटते. पण थांब.

अक्का

•

धारूर,
ता. ५ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आईला घेऊन पतसंस्थेत गेलो. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तारीख तीच ठेवली.

तुझे नाव गाळण्याचा मी खरोखर विचार केला. यादी दुसऱ्या कागदावर तुझ्याशिवाय लिहून काढली. खाली लिहायचे असते की वरील सर्व मजकूर खरा आहे. तिथे सही करायला पेन टेकवले आणि उचलले. पकडला गेलो तर अर्ज फेटाळला जाईल, आणि कोर्टाला खोटे सांगितल्याचा खटला वेगळा होईल. पण खरे सांगू का, पकडले जाण्याचीच भीती होती असे नाही. कराच्या बाबतीत मी दोन वर्षे लपून बसलो, त्याचे हे फळ आहे. आता पुन्हा तेच करायला माझे मन तयार होत नाही.

शुक्रवारी सात तारखेला अर्ज दाखल करणार. त्यात तुझे नाव, रक्कम आणि कपिलधारचा दिवस आहे. नोटीस यायला थोडे दिवस लागतील. मावशींना पोस्टमनकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळावे एवढीच विनंती आहे. सांगायला मी येऊ का? तू म्हणशील तेव्हा येतो.

मला माफ कर असे लिहवत नाही. राग धर, पण मला टाकू नकोस.

विरुपाक्ष

•

नेकनूर,
१८ फेब्रुवारी

चि. विरूस आशीर्वाद.

तू येऊ नकोस. मी सांगितलं.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. पाचव्या दिवशी आत्याबाई म्हैस पिळत असताना शेजारी जाऊन बसले, आणि पाटल्यांपासून सगळं सांगितलं. हातातल्या काढून दाखवल्या. त्यांनी धार थांबवली नाही. चरवी भरली, उठल्या, दूध घरात ठेवलं आणि देवापुढं जाऊन बसल्या.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ह्यांच्याशी बोलतात, म्हशीशी बोलतात. माझ्या हातचं खातात, एवढंच बरं. काल ह्यांना विचारलं, कोर्टाची तारीख कधी हाय. नोटीस आली आहे, त्यातली सतरा मार्च ह्यांनी सांगितली. कावून विचारता म्हटल्यावर उठून म्हशीला वैरण टाकायला गेल्या.

मला भीती वाटते की त्या दिवशी आत्याबाई मला धारूरला आणून सोडतील. तसं झालं तर आईला काही बोलू नको. मीच बोलेन.

तुझ्यावरचा राग गेला आहे. कसा गेला माहीत नाही.

अक्का

•

धारूर,
ता. १८ मार्च १९९७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल मावशी तुला न सांगता पहाटेच्या गाडीने बीडला आल्या, हे तुला एव्हाना कळले असेल. घरी येऊन त्यांनी काय सांगितले मला ठाऊक नाही, म्हणून मी पाहिले ते लिहितो.

मी कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलांची वाट बघत होतो. त्या खांबाला टेकून बसलेल्या दिसल्या. मी पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, बाजूला सरकून जागा दिली. पुकारा झाल्यावर माझ्या मागोमाग आत आल्या.

पतसंस्थेच्या वकिलांनी तुझाच मुद्दा पहिला काढला. बहिणीला पैसे पोचवून हा माणूस नादार झाला, असे म्हणाले. न्यायाधीशांनी विचारले, बहिणीतर्फे कोणी आहे का? मावशी उभ्या राहिल्या. नाव विचारल्यावर त्यांनी नाव सांगितले आणि पुढे स्वतःच बोलल्या, “बारा हजार आमच्या घरात आलेत. त्याची म्हैस घेतली. पायजे तर म्हैस घेऊन जावा. पर ती माझ्याबिगर दूध देत न्हाई, मंग मलाबी न्यावं लागंल.”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी पदर सावरून उभ्या असलेल्या त्या बाईकडे बघितले आणि पैसे कसे परत करणार ते विचारले. मावशी म्हणाल्या, दर महिन्याला दुधाचे देऊ. न्यायाधीशांनी ते लिहून घेतले. आमच्या वकिलांनी सांगितले की विक्रीकराची बाकीही बरोबर बारा हजारच आहे आणि सरकारचे देणे पहिले, म्हणून हे पैसे त्यातच जातील. अर्जाच्या आधीच कराचे सगळे कागद दिलेले असल्यामुळे विक्रीकराच्या साहेबांनीही विरोध केला नाही. मला नादार ठरवले. दुकानाची किल्ली मी तिथेच कोर्टाच्या माणसाच्या हाती दिली. पूर्ण सुटका व्हायला अजून वर्षभर जाईल, पण घर वाचले.

बाहेर आल्यावर मी मावशींना म्हणालो की माझ्यामुळे तुम्हाला गल्लीत खाली बघावे लागेल. त्या चालता चालता थांबल्या. “कावून? आदी सांगत व्हते, भावानं म्हैस दिली. आता सांगीन, माझ्या सुनंनं भावाला हात दिलता. त्यात खाली बघायचं काय हाय?” बसस्थानकावर मी उसाचा रस पाजला तो प्यायल्या आणि म्हणाल्या, “राग पैशाचा न्हाई. दोन वर्सं तुमी भैन-भाऊ मला भ्यालात, त्याचा हाय. मी काय तुमाला खाणार व्हते?”

नेकनूरची गाडी लागली, मी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. त्या बसल्यावर म्हणाल्या, जे सांगायचं ते पत्रात लिही, कावेरी वाचून दाखवील. आणि तिला म्हणावं पुरतं वाच. गाळलेलं मला ऐकू येतं.

म्हणून हे खालचे त्यांच्यासाठी आहे.

मावशी, मी तुम्हाला भ्यालो. तुम्ही आमच्या आहात हे मला कळले नव्हते. सोमवारपासून मी धारूरच्या बंकटशेठच्या गिरणीत हिशेबाला लागतो आहे. अक्कावरचा अबोला सोडा. तिच्यावरचा राग उरला असेल तर तो माझ्या नावावर मांडा, मी तो फेडीन.

मोठ्यांना नमस्कार. तुम्हा दोघींची माया माझ्यावर सारखीच असू द्या.

आपला,
विरुपाक्ष