नाकसाहेबांची स्वस्त सिगार

४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाळाला दात येताहेत आणि तुला झोप मिळत नाही हे वाचून समाधान वाटलं. लहानपणी तू मला जागवलंस, त्याची फेड चालू आहे म्हणायची.

आता कामाचं. आमचे थोरले मालक निवृत्त झाले. गेली किती वर्षं दर महिन्याला ते माझ्या टेबलावर सिगारींची एक पेटी ठेवत. त्यांचे चिरंजीव आता कारखान्याचे साहेब आहेत आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती पेटी बंद केली. माझी तक्रार नाही, बापाचा लोभ मुलाने चालवावा असा काही कायदा नाही. पण साबणाची प्रत्येक खेप बाहेर पडण्याआधी तिचा नमुना माझ्या नाकाखालून जातो. सगळा कारखाना मला नाकसाहेब म्हणतो ते काही थट्टेने नाही. दिवसभर गुलाब, चंदन, लिंबू हुंगून डोकं भणभणतं, तेव्हा संध्याकाळची एक सिगार मला लागते. तुझ्या वहिनीला हे पटलेलं नाही, पण ती चालवून घेते.

नाक्यावरच्या दुकानातून तीन प्रकार आणून पाहिले. तिन्ही फुकट, नुसती गरम हवा ओढल्यासारखं वाटतं. हिवाळ्यातल्या त्या तापातून उठल्यापासून एकही धड सिगार मिळालेली नाही. तू बंदरावर जहाजांना सामान पुरवतोस, तुझ्या हाताखालून जगभरचा माल जातो. माझ्या खिशाला परवडेल आणि ओढण्याच्या लायकीची असेल अशी एखादी शोध.

लोभ आहेच, त्याला थोडा धूर जोडून द्यावा.

तुझा,
दादा

१२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आमच्या गोदामात मोठी सभा भरली. मी, कारकून आणि एका मालवाहू जहाजावरचा आचारी. आचाऱ्याने आयुष्यभर सिगारी ओढल्या आणि एकदाही पूर्ण किंमत मोजली नाही, त्यामुळे मी त्यालाच गुरू केलंय.

गुरूचं म्हणणं असं, की महागड्या सिगारीत निम्मे पैसे पेटीचे आणि सोनेरी पट्टीचे असतात. मोठे कारखाने पानाचा रंग जरा डावा-उजवा झाला की सिगार नापास करतात. मग ती बिनपट्टीची, साध्या कागदात बांधून जुडीने विकतात. आत पान तेच, वळणारे हातही तेच. फक्त दोन बोटांत हलकी दाबून पाहायची. कुठे गाठ लागली किंवा पोकळ वाटली तर सोडून द्यायची. आतल्या पानाचा चुरा असेल तर ती तापते आणि राख सदऱ्यावर सांडते. अख्खं पान असेल तर राख बोटाच्या पेराएवढी उभी राहते.

अशी एक जुडी पाठवतोय. मी स्वतः ओढून पाहिली. आधी चामड्याचा वास येतो, आणि अर्ध्यावर आल्यावर भाजलेल्या दाण्यांचा. नाकसाहेबांनी नाक मुरडलं तर मात्र गुरूचा अपमान होईल.

वहिनींना नमस्कार. लोभ जुडीने असावा, सुटा नको.

तुझा,
धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

जुडी मिळाली. तुझ्या आचाऱ्याला सांग, त्याने कालवणात लक्ष घालावं. चामडं नाही, दाणे नाहीत, काही नाही. चार ओढल्या, बाकीच्या कपाटात टाकल्या. तू फसवला गेलास किंवा मला फसवतोयस, आणि दुसरं खरं असेल तर ही थट्टा करायची वेळ नाही.

कारखान्यात प्रकरण झालंय. एका मोठ्या व्यापाऱ्याने चंदनाची अख्खी खेप परत पाठवली. वड्यांना खवट तेलाचा वास येतो म्हणे. ती खेप मी पास केली होती आणि मला दाखवलेला नमुना चांगला होता, हे मी शपथेवर सांगेन. म्हणजे चूक नमुना काढणाऱ्या मुलीची. माझ्या हाताखाली चष्मेवाली एक मुलगी आहे, तिने दुसऱ्याच कढईतला नमुना माझ्यासमोर ठेवला असणार. ती म्हणते ठेवला नाही. सोळा जुलैला साहेबांपुढे चौकशी आहे. दोघांपैकी एकाचं खोटं आहे आणि एकाची नोकरी जाणार आहे. मुलगी वाईट नाही, घरात मिळवती ती एकटीच. पण माझं नाक खोटं बोलत नाही, याला मी काय करू?

दुसरी सिगार शोध. डोकं ठिकाणावर ठेवायला मला काहीतरी हवंय.

तुझा,
दादा

२४ जून

प्रिय भावोजी, स. न. वि. वि.

यांना न सांगता लिहितेय. त्यांनी रागाने काही लिहिलं असेल तर मनावर घेऊ नका. चौकशीने त्यांचा जीव टांगणीला लागलाय.

परवा मी खाली गेले होते आणि दूध गॅसवर होतं. वर आले तर पातेलं कोळसा झालेलं, घरभर धूर, आणि हे दोन हातांवर वर्तमानपत्र वाचत बसलेले. मी ओरडल्यावर वर पाहिलं. मला म्हणाले की विचारात होतो. एरवी शेजारच्या घरी फोडणी पडली तरी कुठलं तेल ते सांगणारा माणूस. जेवणालाही हल्ली नावं ठेवत नाहीत. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि आता मला ते आवडत नाहीये.

एखादी चांगली सिगार मिळाली तर पाठवा. मी असं कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं. नव्या आईला आणि बाळाला आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

२८ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

नाकी नऊ आले, पण जुडी मिळाली. ही आधीच्यापेक्षा जरा कडक आहे, तरी किमतीला तुझ्या खिशातलीच. बाळ दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून हिने ती दोन दिवस जपून ठेवली होती. आज सकाळी शिंकत शिंकत मीच पुडकं बांधलं, मला सर्दीने पुरतं बेजार केलंय. दोन माझ्यासाठी काढून ठेवल्यात.

दादा, एक बोलू? त्या मुलीबद्दल घाई करू नकोस. नमुना बदलला असं तू पाहिलेलं नाहीस, तो तुझा अंदाज आहे. रागावशील, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

लोभ कडक झाला तरी कमी नसावा.

तुझा,
धाकटा

६ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

जिंकलास. ही खरी सिगार. स्वच्छ, सौम्य, घशाला मुळीच न बोचणारी. आचाऱ्याविषयी बोललो ते शब्द मागे घेतो. काल दोन ओढल्या आणि कितीतरी दिवसांनी मन थाऱ्यावर आलं. मला उगाच शंका यायला लागली होती, कसली ते जाऊ दे. ती फिटली.

आज एक साहेबांना दिली. म्हटलं, तुमच्या वडिलांच्या पेटीइतकीच चांगली आणि पाव किमतीची, ओढून पाहा. त्यांनी शिलगावली, एक झुरका घेतला, माझ्याकडे जरा पाहिलं आणि विझवून खणात ठेवली. म्हणाले, घरी निवांत ओढेन. चष्मेवाली कागद घेऊन आली होती, तिने खिडकी उघडली. आजकालच्या लोकांना साध्या सिगारीचंही कौतुक नाही.

मुलीबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. पण ज्याच्या नाकाला अशी सिगार ओळखता येते, त्याला खवट तेल कळणार नाही का? चौकशीत मी माझं म्हणणं सोडणार नाही.

लोभ या जुडीसारखाच टिकावा.

तुझा,
दादा

६ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

हे पत्र पोचण्याआधी ती जुडी उघडली नसशील अशी आशा करतो. उघडली असशील तर एव्हाना माझ्या नावाने शंख केला असशील, आणि मी त्याला लायक आहे.

माझी सर्दी काल उतरली. ठेवलेल्या दोनांपैकी एक आचाऱ्याला दिली. त्याने ती नाकाशी नेली आणि सरळ समुद्रात फेकली. हिला विचारलं तेव्हा कळलं, की बाळाच्या हाती लागू नये म्हणून तिने जुडी लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली होती, डांबरगोळ्यांच्या ढिगात. सिगार आजूबाजूचा वास स्पंजासारखा पिते. सर्दीमुळे बांधताना मला काहीच कळलं नाही. आता दुसरी उघडली तर खोलीत उभं राहवेना.

कृपा करून एकही शिलगावू नकोस, तो धूर अंगाला चांगला नाही. सगळ्या फेकून दे. नवी जुडी पाठवतो आणि या गाढवपणाबद्दल भेटल्यावर नाक घासतो.

तुझा,
धाकटा

१० जुलै

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्याच हाती पडावं म्हणून पाकिटावर तुमचं नाव घातलंय.

दादाचं सहा तारखेचं पत्र आज मिळालं. त्याने त्या जुडीची तोंडभर स्तुती केलीय. वहिनी, त्या सिगारींना डांबरगोळ्यांचा असा वास आहे, की आमचं गोदाम दोन दिवस उघडं ठेवावं लागलं. पत्र वाचून मी पोत्यावर बसून राहिलो. नाक्यावरच्या सिगारी, माझी पहिली जुडी, जळलेलं दूध, सगळं एकदम समजलं. दादाला वास येत नाही. बहुतेक हिवाळ्यातल्या त्या तापापासूनच.

त्याला हे मी कसं लिहू? माझी क्षमा मागणारी चिठ्ठी त्याला मिळाली असेल तर त्यालाही कळलं असेल. तुम्ही गॅसवर लक्ष ठेवा, काड्याची पेटी त्याच्या हाताशी ठेवू नका. आणि सोळा तारखेआधी काहीतरी करा. त्या मुलीने काहीच चूक केली नसणार.

तुमचा,
धाकटा

१५ जुलै

प्रिय भावोजी, स. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

काल पोस्टमनने तुमचं पत्र खालीच दिलं. जिन्यात वाचत वर चढत होते. आमच्या मजल्यावर पोचले तर गॅसचा वास. शेगडीची कळ नीट बंद झाली नव्हती. आणि हे स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, तोंडात तुमची ती सिगार, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात काडी. ओढायची तेवढी राहिली होती. मी काय केलं ते मला आठवत नाही. हे सांगतात की मी त्यांच्या हातावर फटका मारला. काड्या घरभर झाल्या. मग मी खिडक्या उघडल्या आणि तिथेच जमिनीवर बसले.

बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून तुमची क्षमा मागणारी चिठ्ठी काढली. तीन दिवसांपूर्वीच आली होती, मला दाखवली नव्हती. म्हणाले, आता माहीत असताना तरी तो वास येतो का ते पाहत होतो. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, तापातून उठल्यापासून, फक्त स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

भावोजी, मी रडले. त्यांच्यासाठी आणि थोडी माझ्यासाठीही, दोन हातांवर राहून मला कळलं नाही म्हणून. चौकशी उद्या आहे. काय सांगणार म्हणून विचारलं तर भिंतीकडे पाहत राहतात. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. यांचं नाकच गेलं, तोंड कशाने उघडायचं ते मला सुचत नाही.

तुमची,
वहिनी

१९ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

चौकशी झाली. साहेबांच्या टेबलावर मुलीला काढल्याचा कागद टाइप होऊन पडला होता, फक्त सही बाकी. तिला विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, की नमुना त्याच कढईतला होता. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मग मला विचारलं.

रात्रभर घोकलेलं सगळं मी विसरलो. खिशात तुझ्या जुडीतली शेवटची सिगार होती, ती टेबलावर ठेवली. साहेबांना म्हटलं, हिच्यासारखी एक मी तुम्हाला दिली आणि उत्तम आहे म्हणालो. तो नमुनाही मी असाच उत्तम म्हणालो होतो.

मग साहेब म्हणाले की त्यांच्या खणाला अजून तो वास येतो, आणि त्यांना वाटलं होतं मी बापाच्या पेटीचा सूड घेतला. मुलीने चष्मा काढून पुसला. तो कागद साहेबांनी माझ्यासमोर फाडला. आता माझ्या खुर्चीवर ती बसेल. वर्षअखेरपर्यंत मी तिला शिकवायचं ठरलंय. ती हुंगते आणि काय वाटलं ते सांगते, मी त्याचं नाव सांगतो. पहिल्या दिवशी मला फार जड गेलं. दार लावून थोडा वेळ एकटा बसलो.

डॉक्टर म्हणतात, नाक परत येईल किंवा येणार नाही. सिगार सोडा असंही म्हणाले. तुझ्या वहिनीशी वाटाघाटी करून आठवड्याला एक यावर तह झालाय. पेटी तिच्याकडे असते, काडी तीच ओढते.

काल गॅलरीत बसलो होतो. कपाटात टाकलेल्या तुझ्या पहिल्या जुडीतली शिलगावली. मला काही कळत नाही, पण तुझी वहिनी शेजारी बसून सांगत होती. आधी म्हणाली नव्या चपलेसारखा येतोय. अर्धी झाल्यावर म्हणाली, कुणीतरी शेंगदाणे भाजतंय. धाकट्या, तुझा आचारी खरा निघाला. किंमत तीच असेल तर आणखी एक जुडी पाठव.

मग मी तिच्यापुढे हात केला आणि विचारलं, इतकी वर्षं ज्यात घातली त्या साबणाचा वास हाताला उरलाय का. तिने हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, येतोय.

लोभ तुझ्याही हाताला असाच राहो.

तुझा,
दादा