मगरिबपर्यंत खिडकी उघडायची नाही

प्रिय अब्बा,

तुमचे किडे स्वयंपाकघरभर फिरताहेत, म्हणून लिहितेय. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाला अजून वेळ आहे आणि मला एका जागी बसवत नाहीये!

तुम्ही गेल्यापासून तीन दिवस आपल्याकडे चूल पेटली नाही. अख्ख्या बिल्डिंगमधून बिर्याणीची पातेली येत राहिली. फ्रिजमध्ये जागा हवी म्हणून खालाने तुमचा तो छोटा खोका काढून ओट्यावर ठेवला. थंडीत निजलेले तुमचे युरोपातले लेडीबर्ड उबेनं जागे झाले. झाकण कुणी उघडलं, अल्ला जाणे! आता साखरेच्या बरणीवर लाल पाठी, सात-सात काळे ठिपके. अम्मीच्या ओढणीवरही एक.

खाला किडे मारायचा स्प्रे घेऊनच आली. "लोक यायचेत गं शबाना, खलास कर एकदाचे!" मी तो तिच्या हातातून ओढून घेतला, वर ओरडलेही. तुम्ही मला रागावला असता ना?

तुमच्या कुंडीतल्या मिरचीवर माव्याची कीड पडली, तेव्हाच साबणाचं पाणी मारा म्हटलं होतं. पण नाही! गुहागरच्या बियाची मिरची, तिला मावा खाणारे किडेच हवेत! "तिकडे ते हिरव्या कुरणात, कुंपणाच्या झुडपांत राहतात. इथे आखातात, फुजैराच्या बाल्कनीत कसे टिकणार?" मी विचारलं.

"ओलं पान आणि मावा मिळाला की राहतात. फक्त उजेडात सोडू नको, उडून जातात. मगरिबनंतर सोड."

आणि स्वतः भर दुपारी निघून गेलात!

राग आलाय मला, अब्बा. रिटायर होऊन गुहागरला जायचं ठरलं होतं ना? आम्ही तुम्हाला इथल्याच वाळूत ठेवून आलो. झोप लागत नाही. मानवेल का तुम्हाला ही जमीन?

थांबा, अजान झाली.

आले. पानांवर पाणी शिंपडलं. कागदावर गोळा केलेले किडे कुंडीत सोडले. बरेच काचेशी धडकून आधीच मेले होते, काही उडाले. एक मात्र देठावरून वर चढला, शेंड्यापाशी थांबला आणि मावा खाऊ लागला.

"राहिला गो," अम्मी म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

अब्बा, पहिली मिरची मी तोडणार नाही. झाडावरच लाल होऊन वाळू देईन. तिचं बी गुहागरला आपल्या परसात स्वतःच्या हातानं पेरीन. तेवढं तरी तुमचं घरी पोचेल.

तुमची,
शबाना