जनरेटरला आज ओवाळू नकोस

आई,

देवळातून आलीस की आधी हे वाच. मागीलदारी जाऊ नकोस.

साखळी गावाहून जनरेटर आणला, तो अजून मागीलदारी, पर्यटकांना राहायला घेतलेल्या आपल्या ट्रेलरमध्येच आहे. वाटेत खडखडेल म्हणून मी शहाण्याने तो गाद्यांवर आडवा घातला. टाकीत पेट्रोल होतं, ते सगळं गाद्यांत मुरलं. दारं-खिडक्या उघडल्यात, तरी वास जात नाही. तुला फोन लावला, तर तो देवघरातच वाजला.

तिथे मशीनसाठी मांडलेलं तुझं ताट दिसलं. नारळ, जास्वंद, निरांजन, कापूर. काजूची बाग विकून ट्रेलर घेतला, तेव्हापासून तू त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाहीस, आणि आज त्याच्या मशीनला ओवाळायला निघालीस! एरवी मी नाचलो असतो. आज मात्र आधी काडेपेटी उचलली.

मी कोरगावला जाऊन बाबली मेकॅनिकला घेऊन येतो. तोवर तिकडे फिरकूही नकोस. काडेपेटी मी खिशात घालून नेतोय, रागावू नकोस.

जनरेटर कमी आवाजाचाच निवडलाय, तुझी झोप मोडू नये म्हणून.

ताट मात्र आवरून ठेवू नकोस. सगळं सुकलं की नारळ तूच वाढव.

शिवदास