घड्याळवालीची सासू

४ जून

डोळ्यांच्या डॉक्टरने आज हात टेकले. उजवा आधीच गेला होता, आता डावाही. टॅक्सीत बसल्यावर सासूबाईंचं पहिलं वाक्य — "आता तू घरात काय काय करतेस ते मला दिसायचं नाही." रडल्या नाहीत. मीही नाही. हे जाऊन दोन वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघीच. त्यातली एक आता आंधळी. खरं सांगू? घरी येईपर्यंत मला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या!

५ जून

मुद्दाम त्यांच्या समोर बसून, पाय टेबलावर टाकून चहा प्यायले. मजा आली.

९ जून

रेडिओचा कंटाळा आला म्हणे. "काहीतरी वाचून दाखव." माझ्या हातात पुस्तक दिसलं की "वाचून काय दिवे लावणार आहेस?" असं जन्मभर ऐकवणारी ही बाई! मी साळसूदपणे विचारलं, "काय वाचू, आई?"

"तुझ्या आवडीचं वाच."

माझ्या आवडीचं! लहानपणी वडील देतील ते वाचलं, शाळेत बाई सांगतील ते, नोकरीत विम्याचे अर्ज. स्वतः निवडून घेतलेलं पुस्तक आयुष्यात एकच. लग्नानंतर नोकरी लागली तेव्हा घेतलं होतं. दुकानदार वैतागेपर्यंत उभी होते. सगळे म्हणतात ते नको, मला हवं ते हवं — पण मला काय हवं असतं हेच कुठे ठाऊक होतं! शेवटी कव्हरवरच्या बाईचा चेहरा आवडला म्हणून घेतलं. नवऱ्याने टाकलेली एक बाई घड्याळं दुरुस्त करायला शिकते आणि स्वतःचं दुकान काढते, एवढीच गोष्ट. कपाटात चादरींखाली ठेवायचे आणि बाथरूममध्ये नळ सोडून दोन-दोन पानं वाचायचे. ह्यांनाही कधी दाखवलं नाही. किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते माझं होतं.

तेच काढलं.

११ जून

चूक केली. म्हातारी माझ्या पुस्तकात शिरली. इतकी वर्षं ती घड्याळवाली माझ्याशीच बोलायची, आता मी वाक्य वाचते आणि समोर हिचा चेहरा. एक वाक्य निखळ माझं राहिलं नाही. बरं, ऐकते मात्र कान देऊन. मधे चूं नाही की चां नाही.

१३ जून

आज पुस्तकात एक सासू घातली!

ठरवून नाही. घड्याळवाली पहिल्यांदा दुकान उघडते, तिथे वाचता वाचता तोंडातून निघून गेलं — "तिची सासू म्हणाली, दुकान काढून काय दिवे लावणार आहेस?" मी दचकले. म्हातारीने फक्त मान हलवली. म्हणजे हिला कळलंच नाही! पुस्तकात सासू औषधाला नाही. पण बघायला डोळे आहेत कुठे?

१६ जून

सासू जोरात आहे. रोज तिला एक-दोन पानं देते. सगळी वाक्यं म्हातारीचीच, अगदी जशीच्या तशी. "हिच्या हातचं जेवण म्हणजे इस्पितळ." "माझा मुलगा भोळा, म्हणून ही या घरात." आवाजही तिचाच काढते, नाकातला. आज म्हणाल्या, "कजाग आहे गं ही बाई."

मला हसू आवरेना. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर हसले.

१७ जून

नणंदेचा फोन. "वहिनी, तू आईला वाचून दाखवतेस म्हणे! तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." राहा हो, राहा निर्धास्त.

२० जून

आज ते वाक्य वाचलं.

माझं पोटातलं गेलं, चौथ्या महिन्यात. मी आतल्या खोलीत पडून होते, त्या बाहेर शेजारणीला सांगत होत्या — "गेलं ते बरंच झालं. हिला कुठे जमणार होतं सांभाळायला." त्यांना वाटलं मी झोपलेय. तेव्हापासून ते वाक्य मी जपून ठेवलंय. आज घड्याळवालीला चौथ्या महिन्यात झोपवलं, दार किलकिलं ठेवलं आणि सासूच्या तोंडून ते म्हणवलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

मग थांबले. आता तरी कळेल. आता तरी तोंड काळंठिक्कर पडेल, माफ कर म्हणेल. एवढंच हवंय मला तिच्याकडून, दुसरं काही नको. ती मरायच्या आत हवंय.

म्हातारीने चाचपून उशी सारखी केली. मग विचारलं, "मग सून काय म्हणाली?"

"काही नाही."

"तिथेच चुकली," म्हणाल्या, आणि कुशीवर वळल्या.

दगड! दगडालाही पाझर फुटला असता. दिवसभर भांडी आपटली.

२२ जून

आता दया नाही. आज सासूला मारलं. निवांत मारलं, पानंच्या पानं. ती अंथरुणात पाणी पाणी करतेय आणि घड्याळवाली पलीकडच्या खोलीत एक बारीक स्क्रू बसवतेय. हाक ऐकू येतेय. ती स्क्रू बसवते, काच पुसते, किल्ली देते, कानाला लावून बघते. मग उठते. तोवर सगळं शांत.

पुस्तक मिटलं. म्हातारीचे ओठ कोरडे पडले होते. "पाणी दे गं जरा."

मी चष्मा पुसला. खुणेची पट्टी पानात सरळ केली. खिडकीचा पडदा नीट केला. त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही, नुसत्या माझ्या पावलांकडे कान लावून पडून राहिल्या. मग दिलं. दोन्ही हातांनी पेला धरून प्यायल्या.

पश्चात्ताप वगैरे काही नाही. उलट दुपारी छान झोप लागली.

२३ जून

आज वाचन नाही. त्यांनी मागितलं नाही, मी विचारलं नाही.

२४ जून

सकाळी चहा हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "ते पुस्तक मला पाठ आहे. तू कामावर गेलीस की वाचायचे. त्यात सासू नाहीच." त्यांनी फुंकर घालून एक घोट घेतला. "तुझी बरी जमलीये. आता गेली ना ती? मग पुढचं वाच. ती सून घरात एकटी उरल्यावर काय करते, ते ऐकायचंय मला."